दोनवर बुवा, तीनवर बाई

२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की बाबा हल्ली रोज संध्याकाळी एका भारदस्त आवाजाच्या बुवांची तबकडी ऐकतात आणि त्यांना त्यानं बरं वाटतं. यातलं ‘रोज संध्याकाळी’ बरोबर आहे. ‘बरं वाटतं’ हेही बहुतेक बरोबर आहे. पण बुवा बरोबर नाहीत. ते बुवा बाई आहेत.

शिंपीकाका, हे वाक्य आत्याला दोनदा वाचून दाखवा. लिहिण्यात चूक झालेली नाही.

मागचं पत्र मी घाईत लिहिलं होतं, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते. पंख्याच्या कारखान्यात बाबा सगळ्यात शेवटी बसायचे हे तुला माहीत आहे. तयार झालेला पंखा फिरवायचा, डोळे मिटायचे आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचं. सगळा जन्म त्यांनी हेच केलं. उन्हाळ्यात त्यांच्याकडे ऐकायला एक यंत्र आणलं. बाबांनी पास केलेले तीन पंखे यंत्रानं नापास केले. बाबांनी ते स्वतः खोलून पाहिले. यंत्राचं बरोबर होतं. बाबा ‘यंत्र चांगलं आहे’ एवढंच म्हणाले आणि घरी येऊन न जेवता झोपले.

त्यानंतर त्यांना जुन्या पॅकिंगच्या खोलीत बसवलं. तिथं एक टेबल आहे, एक खुर्ची आहे आणि डोक्यावर किरकिर करणारा पंखा आहे. पंख्याच्या कारखान्यातला पंखा किरकिरतो, कारण दुरुस्तीच्या चिठ्ठीवर आवाज तपासनिसाची सही लागते आणि ती जागा रद्द झाली. आई म्हणाली, “मग तुम्हीच करा की सही.” बाबा म्हणाले, “तो तपासनीस मीच होतो. पण आता मी तो नाही.”

आता साहेबांनी त्यांना नवं काम देऊ केलंय. लोक तक्रार करतात की पंखा आवाज करतो. यंत्र काही कुणाच्या घरी जाऊ शकत नाही. तर बाबांनी घरोघरी जाऊन ऐकायचं, आवाज पंख्याचा आहे की छताचा की पलंगाचा, ते सांगायचं. काम चांगलं आहे, आत्या. बाबांच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत, ती फिरण्यात निघून जातील. पण बाबा म्हणतात, “यंत्रानं नापास केलेला कान घेऊन लोकांच्या घरात कुठं शिरू?” सोमवारी, अठरा नोव्हेंबरला, त्यांना हो की नाही सांगायचंय. नाही म्हटलं की लवकर निवृत्तीचा कागद पुढं येणार. मग बाबा घरी बसतील आणि आमच्या घरातल्या दाराच्या बिजागऱ्या ऐकत बसतील. त्यांनी हो म्हणावं एवढीच माझी इच्छा आहे.

तबकड्या त्यांनी पॅकिंगच्या खोलीत गेल्यापासून जमवायला घेतल्या. कारखान्याच्या रस्त्यावर भंगारवाला आहे. त्याच्याकडे कुणालाच नको असलेल्या तबकड्या असतात, आणि बाबा नेमक्या त्याच आणतात. एकीवर रेल्वे इंजिनांच्या शिट्ट्या आहेत. एकीवर टंकलेखनाचे धडे आहेत. एक पोपटाला बोलायला शिकवण्याची आहे, तिच्यावर एक गृहस्थ पूर्ण बाजूभर फक्त “या, बसा” म्हणतात. आईला सवय नव्हती तेव्हा ती प्रत्येक वेळी “बसले आहे” म्हणायची.

वाजवायचं यंत्र बाबांनी घरीच बनवलं. टेबलफॅनची मोटर, शिंपीकाकांनी दिलेला शिलाई मशीनचा पट्टा आणि पंख्याचा रेग्युलेटर. एक ते पाच आकडे. लहान जड तबकड्या पाचवर, मोठ्या सगळ्या तीनवर. एकटे बुवा दोनवर. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बुवांची तबकडी आली तेव्हा मी माझ्या खोलीत कव्हर पुसत बसले होते. कव्हरवर फोटो आहे: जाड मिशा, हातात काठी, चेहरा असा की उसनं मागायला कुणी जाणार नाही. मागं त्यांची माहिती आहे. बाबांना अक्षरं येत नाहीत म्हणून मी बाहेर येऊन ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ऐन उमेदीत बुवांचा गळा गेला, दोन वर्षं ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मग गळा परत आला. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं.

परवा घरी कुणी नव्हतं. बुवांना लावून मी धूळ पुसत होते, तेवढ्यात फडकं लागून रेग्युलेटर तीनवर गेला आणि मिशीवाल्या बुवांच्या जागी एक पातळ गळ्याची बाई गाऊ लागली. मी दार लावून घेतलं. मग कव्हरवरचा आकडा आणि तबकडीच्या मध्यावरचा आकडा ताडून पाहिला. वेगळे आहेत. तबकडी दुसरी, कव्हर दुसरं. तबकडीवरच्या कागदावरचं नाव खरवडून गेलंय, आकडा तेवढा उरलाय. आत्या, मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बाटलीतलं पाणी आणि बाटलीवरची चिठ्ठी एकाच विहिरीची आहे ना, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो. घरात मी ते पाहिलं नाही.

आता प्रश्न असा आहे. बाबांना आधीच वाटतं की आपला कान गेला. इतके दिवस आपण बाईला बुवा समजून ऐकत होतो, हे कळलं तर ते अठरा तारखेची वाटसुद्धा बघणार नाहीत. सांगू की नको? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतेस.

तुझी,
मास्तरीण

~

२५ ऑक्टोबर

चि. मास्तरणीस,
अनेक आशीर्वाद, आईला अर्धे दे.

तुझं पत्र शिंप्यानं दोनदा वाचलं. बुवाची बाई झाली तिथं चारदा वाचलं, कारण त्याला हसू आवरेना. (हसू आत्याबाईंना आवरत नव्हतं. मी फक्त चष्मा पुसत होतो. — शिंपी)

आमच्या घराण्यात शाळेत गेलेली तू पहिली. म्हणून तर तुला मास्तरीण म्हणतो, आणि म्हणून तू प्रश्न फार विचारतेस. आम्ही शाळेत गेलो नाही, आम्हाला एकदम उत्तरंच येतात. उत्तर हे की सांगू नकोस.

बारक्याला मी ओळखते. लहानपणी कुंभाराच्या दुकानात आम्ही गेलो की हा प्रत्येक मडक्यावर टिचकी मारायचा आणि “हे फुटलंय, हे फुटणार आहे, हे ठीक आहे” असं म्हणत पुढं जायचा. पुढं पुढं कुंभार आम्हाला लांबून बघितलं की मडक्यांवर पोतं टाकायचा. एकदा ह्याचं एक मडकं चुकलं. ठीक म्हणाला आणि ते दारातच फुटलं. तर हा दोन दिवस माळ्यावर जाऊन बसला. वरूनच जेवला. भाकरी वर फेकायला माझा हात दुखला. (इथे आत्याबाईंनी आपल्या भावाबद्दल एक शब्द वापरला. तो लिहायला माझा हात धजत नाही.) लिही रे, त्याला ठाऊक आहे.

तर एका मडक्यासाठी जो माळ्यावर चढला, तो अख्ख्या बाईसाठी कुठं चढेल ते सांगता येत नाही. तुमच्या घराला माळा नाही, गच्ची आहे. तेव्हा गप्प बस. त्याला बुवा बरा वाटतो ना, मग बुवाच असू दे. त्या बाईचं काही बिघडत नाही, तिला तिचे पैसे कधीच मिळाले असतील. अठरा तारीख जाऊ दे, तो हो म्हणू दे, मग सावकाश सांग. तोवर तो आकडा दोनवरून हलू देऊ नकोस.

(पट्टा मी दिला याची नोंद आपण घेतलीत त्याबद्दल आभारी आहे. पट्टा थोडा सैल असेल तर एक टाका घालावा. त्याच्यामुळे बाईचा बुवा होत नाही, हे आपल्या वडिलांना सांगावे. म्हणजे सांगू नये.)

तुझी आत्या
आणि लिहिणार शिंपी

~

२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. रेग्युलेटर दोनवर ठेवून मी त्याला चिकटपट्टी लावली. आता दुसरी कुठलीच तबकडी नीट वाजत नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

मंगळवारी वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घरभाड्याबद्दल बोलायला आले. त्याच वेळी बाबांनी पोपटाची तबकडी लावली. दोनवर ते गृहस्थ “या, बसा” असं म्हणतात की माणूस बसलेला असला तरी उठतो. भाडेकरू दारातूनच “नंतर येतो” म्हणाले. ते अजून आलेले नाहीत. आई म्हणते की ही तबकडी अशीच राहू दे, कामाची आहे.

बाबांनी चिकटपट्टी बघितली. म्हणाले, “ही कुणी लावली?”

मी म्हणाले, “आत धूळ जाऊ नये म्हणून.”

“धूळ वरून जाते. पट्टी बाजूला आहे.”

“बाजूची धूळ,” मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि “बरं” म्हणाले. आत्या, मी आजवर घरात खोटं बोलले नव्हते. म्हणजे बोलले असेन, पण धुळीबद्दल नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून मी खरोखर सगळी धूळ पुसली, म्हणजे निदान अर्धं वाक्य तरी खरं व्हावं.

पण त्याहून मोठं संकट गुरुवारी आलं. शेजारच्या गाणं शिकवणाऱ्या बाई साखर मागायला आल्या, आईनं त्यांना वाटीभर दिली, आणि बाबा नेमके बुवांना लावून बसले होते. बाबा उठून उभे राहिले. कुणी येण्याची वाटच बघत असावेत तसे म्हणाले, “बाई, तुम्ही जाणकार. जरा ऐकून सांगा, हे कोण गातंय?”

मी स्वयंपाकघरातून धावत आले. बाई डोकं तिरकं करून ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी पडलेली मला दिसली. मी मागून कव्हर उंच धरलं आणि मिशीवर बोट ठेवलं. बाई फार सभ्य आहेत. त्यांनी मिशी बघितली, माझ्याकडे बघितलं, हातातली साखर बघितली आणि म्हणाल्या, “हे बुवाच. दम फार लांब आहे हो यांचा.”

“बुवाच ना?” बाबांनी विचारलं.

“बुवाच,” बाई म्हणाल्या. “इतका लांब दम मी आजवर ऐकला नाही.” आणि साखर घेऊन गेल्या. जाताना जिन्यात बराच वेळ खोकत होत्या.

माझा जीव भांड्यात पडला. बाबांनाही फार समाधान वाटलं असावं, कारण त्यानंतर ते कुणाशी बोललेच नाहीत. तबकडी उचलली, कव्हरात घातली आणि नुसते खिडकीत बसून राहिले. आईनं चहा दिला तो गार झाला. रात्री मात्र ते आईला म्हणाले की अठरा तारखेला साहेबांना नाहीच सांगणार. आईनं विचारलं का, तर म्हणाले, “आता खात्री झाली.”

कशाची खात्री ते मला कळत नाही. जाणकार बाईंनी बुवांना पास केलं, तर बाबांना हुरूप यायला हवा होता. पण आता ते उलट सांगतात. दुसरं असं की ते दहा तारखेच्या रविवारी दिवसभर बाहेर जाणार आहेत, तबकड्या शोधायला म्हणे. भंगारवाला रविवारी बंद असतो.

मला वाटतं मी साहेबांना जाऊन भेटावं. त्यांना सांगावं की बाबा नाही म्हणाले तर ते हो समजा. हे बरोबर होईल का? कृपया लवकर लिही. शिंपीकाकांना सांग, हातातलं काम बाजूला ठेवून लिहा, मी त्यांना दोन पट्टे देईन.

तुझी,
मास्तरीण

~

११ नोव्हेंबर

चि. मास्तरणीस,
आशीर्वाद.

साहेबाकडे जाऊ नकोस. बारक्याच्या तोंडचं नाही हे हो समजा, असं सांगणारी मुलगी साहेबानं बघितली नसेल, आणि बघूही नये.

काल रविवारी बारक्या इथं आला होता. तुम्हाला तबकड्या शोधायला जातो म्हणून सांगितलं, आणि आला मला शोधायला. जेवला. दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, एक सांगतो, पण शपथ घे की पोरीला सांगणार नाहीस.” मी शपथ घेतली. मग त्यानं सांगितलं. ऐकून मी कपाळावर हात मारला, तो अजून दुखतोय.

मी शपथ घेतली आहे, तेव्हा मी काही सांगत नाही. मी शपथ मोडणारी बाई नव्हे. शिंप्यानं शपथ घेतलेली नाही. तो खाली मशीनवर बसून मशीन न चालवता ऐकत होता. (मी दोरा ओवत होतो.) तासभर दोरा ओवत होता. आता मला तहान लागली आहे. मी पाणी प्यायला आत जाते. मला वाचता येत नाही, तेव्हा मागं काय लिहिलं गेलं ते मला कळायचं काही कारण नाही.

(आत्याबाई आत गेल्या आहेत. तांब्याचा आवाज मुद्दाम मोठा करत आहेत. मी ऐकले तसे लिहितो, पदरचे काही घालत नाही. आपले वडील म्हणाले:

“अक्का, त्या दिवशी ती तबकडी मी तीनवर लावली होती. सगळ्या मोठ्या तीनवरच बसतात. बाई गात होती. स्वच्छ बाई. बाजू संपली, मग पोरगी कव्हर घेऊन बाहेर आली, मिशीवाल्याचा फोटो दाखवला, सगळं वाचलं. मी म्हटलं, कव्हरवर छापलंय, पोरीनं वाचलंय, म्हणजे बुवाच असणार. मग मला बाई कशी ऐकू आली? ती चहा आणायला गेली तेव्हा आकडा खाली आणला, दोनवर, तेव्हा कुठं आवाज बुवासारखा जड झाला. तीन पंखे हुकले ते हुकले. पण गाणारी बाई आहे की बुवा हेही कळेना, तर मग कान कसला आणि मी कसला?”

आत्याबाई म्हणाल्या, “मग रोज कशाला ऐकतोस रे ते?”

ते म्हणाले, “बुवा ऐकू येतो का बघायला. दोनवर लावली तरी मला ती बाईच ऐकू येते अक्का, जड पांघरुणाखाली गाते तशी. बाकीच्या तबकड्या मी मजेसाठी ऐकतो. तिथं मला कुणी पास की नापास विचारत नाही. इंजिन शिट्टी मारतं, मी ऐकतो, संपलं. पण ही लावली की परीक्षेला बसल्यासारखं होतं. त्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना मुद्दाम विचारलं. त्याही म्हणाल्या, बुवाच. झालं. मग म्हटलं, आता लोकांच्या घरी जाऊन कुठल्या तोंडानं सांगू की हा आवाज पंख्याचा आणि हा पलंगाचा?”

आत्याबाईंनी विचारले, “पोरीला का नाही विचारलंस?” तर म्हणाले, “घरात शिकलेली एकच आहे. तिनं वाचलेलं खोटं आहे का, असं मी तिलाच कसं विचारू? आणि हल्ली तिनं त्या आकड्याला पट्टी लावलीय. मला वाटतं तिलाही कळलंय की माझा कान गेला. मी आकडे फिरवत बसू नये म्हणून लावली असेल. पोरगी मायाळू आहे.”

एवढेच. नंतर ते माझ्याकडे येऊन पट्टा सैल होतो का म्हणाले. मी म्हटलं एक टाका घाला. आत्याबाई आल्या.)

मी आले. काय लिहिलंस ते मला सांगू नकोस. नाक का पुसतोयस? (दोऱ्याची धूळ.) बाजूची धूळ का रे?

मास्तरणी, मागं मी तुला सांगू नकोस म्हणाले होते. ते मी परत घेते. का घेते ते सांगत नाही. मी माझ्या आयुष्यात एकदाच चुकले, आणि तेही तुझ्या पत्रामुळं.

तुझी आत्या
आणि लिहिणार शिंपी

~

१४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आज आलं. तुझी शपथ मोडलेली नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. शिंपीकाकांचे आभार.

एकवीस तारखेच्या पत्रातली आणखी एक चूक दुरुस्त करते. बाबांना ती तबकडी ऐकून ‘बरं वाटतं हेही बहुतेक बरोबर आहे’, असं मी लिहिलं होतं. तेही चूक. म्हणजे त्या वाक्यातलं फक्त ‘रोज संध्याकाळी’ उरलं.

पत्र वाचल्यावर मला आधी रडू आलं आणि मग त्या साखरेच्या वाटीची आठवण येऊन हसू आलं. आईनं विचारलं काय झालं. मी तिला सगळं सांगितलं, कारण तिनंही शपथ घेतलेली नाही आणि माझ्याकडूनही कुणी घेतलेली नाही. आईनं निवडायची भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, “म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं एकमेकांची काळजी घेत होता होय? मी म्हटलं घर इतकं शांत का.”

मग तिनं एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी शाळेत जायला लागले तेव्हा बाबांनी घरात नियम केला होता की पोरीनं वाचलं की ते खरं. दुकानदाराची पाटी असो की औषधाची बाटली. कुणी शंका घ्यायची नाही, म्हणजे पोर वाचायला भिणार नाही. आई म्हणाली, “नियम लहानपणापुरता होता. पण तो संपला असं कुणी सांगितलंच नाही.”

सगळं चुकलं ते इथं, आत्या. मी कव्हर वाचलं, बाबांनी तबकडी ऐकली, आणि घरात वाचणारी मी असल्यामुळं ऐकणाऱ्यानं माघार घेतली. त्यांचा कान पहिल्या दिवसापासून बरोबर होता. पांघरुणाखाली गाणारी बाई त्यांना दोनवरसुद्धा ऐकू येत होती. मला तर धूळ पुसेपर्यंत कळलं नाही. आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंना कळलं होतं. मी आज लगेच त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, “तुमच्या बाबांना सांगा, मी साखरेसाठी खोटं बोलले. मला पहिल्याच तानेला शंका आली होती.” आणि साखर परत दिली. आमच्या साखरेपेक्षा जास्तच आहे.

मी बाबांना तोंडानं काही सांगणार नाही असं ठरवलंय. मी सांगितलं तर ते पुन्हा ‘पोरगी म्हणते म्हणजे खरं’ होईल, आणि मला वाटतं हे या वेळी माझ्या शब्दावर उभं राहू नये. शिवाय मी काही म्हणाले तर ते म्हणतील, “तू माझ्या समाधानासाठी बोलतेस.” धुळीनंतर त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा, हाही प्रश्न आहे.

पण बाबांना अक्षरं येत नसली तरी आकडे येतात. पंख्यांचे नंबर त्यांनी जन्मभर वाचले. तेव्हा मी तबकडी आणि कव्हर त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवणार आहे. कव्हराच्या कोपऱ्यातला आकडा आणि तबकडीच्या मध्यावरचा आकडा ते स्वतः वाचतील. ते वेगळे आहेत हे त्यांना दिसेल. मग मी रेग्युलेटरवरची पट्टी काढीन आणि बाजूला होईन. आकडा तेच फिरवतील. आणि त्यांनी विचारलं की “काय लिहिलंय यावर?”, तर मी म्हणेन की मला माहीत नाही, तुम्ही ऐका आणि मला सांगा.

आईला फक्त एकच भीती आहे, की त्या दिवशी भाडेकरू येतील. आले तर पोपटाची तबकडी तीनवर लावू, म्हणजे ते बसतील.

सोमवारी साहेबांना काय सांगायचं ते बाबांचं बाबा ठरवतील. मी त्यांच्यासाठी डबा मात्र भरून ठेवणार आहे, घरोघरी फिरणाऱ्या माणसाला लागतो तसा, हातात धरता येणारा. तो त्यांनी नेला नाही तर मी नेईन.

शिंपीकाका, पट्ट्याला काल एक टाका घातला. आता घसरत नाही.

आत्या, तू मला लवकर पत्र लिहू नकोस, कारण ते पोचेपर्यंत झालेलं असेल. मी हे करणार आहे रविवारी, सतरा नोव्हेंबरला, बाबांचा सकाळचा चहा झाल्यावर.

तुझी,
मास्तरीण